टाक्यावरची पाटी

"वाघचौरे, तुमची माणसं आली आहेत गेटवर."

फोनवर फडतरे सुभेदार होते. फौजेतून निवृत्त होऊन आमच्या कंपनीचे सुरक्षाप्रमुख झालेले. ते कधीही घाबरत नसत, त्यामुळे त्यांचा आवाज घाबरलेला कसा असतो हे मला माहीत नव्हतं. त्या सकाळी कळलं.

"माझी कुठली माणसं?"

"ते म्हणतात तुमची. बाया आहेत, म्हातारे आहेत. कुदळी आहेत, घमेली आहेत."

"मोर्चा आहे का?"

"घोषणा देत नाहीत. झाडाखाली बसून तंबाखू मळताहेत. त्याचीच मला जास्त काळजी वाटतेय."

मी धावत गेटवर गेलो. हिरडवाडी अख्खी आली होती. पुढे ठकूबाई गवारी, नऊवारी खोचलेली, हातात कुदळ. मला बघून म्हणाली, "आलास का रं? चल, काम दाव."

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि पट्टणकुडे क्लोजर्स लिमिटेडच्या सीएसआर विभागात होतो. कंपनी बाटल्यांची झाकणं बनवायची. बाटल्या दुसरे बनवायचे, त्यात पाणी तिसरे भरायचे. पर्यावरणाचा विषय निघाला की आम्ही त्या दोघांकडे बघायचो. पण कंपनी मोठी होती, कायदा होता, त्यामुळे समाजाचं भलं करायला एक विभाग होता. विभागात राजाध्यक्ष मॅडम होत्या आणि मी होतो. मॅडम भलं ठरवायच्या, मी बस ठरवायचो.

ठकूबाई कुदळ घेऊन गेटवर का उभी होती, हे कळायला महिनाभर मागं जावं लागेल. आमचा वार्षिक सेवादिन होता. सगळ्या कचेरीला निळे टी-शर्ट वाटले होते, पाठीवर लिहिलं होतं, 'देण्यातच आनंद'. दरवर्षीप्रमाणे धामणखिंडीची शाळा रंगवायची होती. हे गाव हायवेला लागून होतं, जेवायच्या वेळेला परत येता यायचं, त्यामुळे तालुक्यातल्या सगळ्याच कंपन्यांना त्या शाळेचा कळवळा होता. तिच्या भिंतींवर रंगाचे इतके थर चढले होते की वर्ग आतून लहान होत चालले होते. हात धुवायची बेसिनं तर इतकी बसवली होती की पोरांना हात कमी पडत.

त्या दिवशी आम्ही पोचलो तर शाळेच्या पटांगणात दुसरी बस. दुसऱ्या कंपनीचे हिरव्या टी-शर्टवाले अर्धी भिंत पिवळी करून बसले होते. मुख्याध्यापक वाघेरे गुरुजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, तारखेत गफलत झाली. तुम्ही पुढच्या गुरुवारी या. तोवर हे वाळलेलं असेल."

मॅडम पस्तीस वर्षं नोकरी करून तयार झालेल्या बाई. त्यांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा निळ्या टी-शर्टांनी भरलेल्या बसकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हा रस्ता वर कुठं जातो?"

रस्ता वर हिरडवाडीला जात होता. तिथं तो संपत होता, म्हणून तिथं कधी कोणी गेलं नव्हतं.

वाडीत रंगवायला भिंत नव्हती. होतं ते एक कातळातलं टाकं. आदल्या पावसाळ्यात वरून दरड आली आणि टाकं दगडमातीनं बुजलं. झरा तसाच, पण पाणी साठायला जागा नाही. बाया खाली ओढ्यावरून हंडे आणत होत्या. जाणती पोरं शहरात वॉचमन झालेली, हॉटेलात लागलेली. ठकूबाई आणि चार-सहा बाया रोज थोडं थोडं उकरत होत्या.

बसमधून निळी माणसं उतरताना बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "कुठल्या देवाला निघालात?"

"तुम्हाला मदत करायला आलोय, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मदत नको. सावडीला माणसं कमी पडल्यात. सावडीला येता का?"

मॅडमना शब्द ठाऊक होता. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथं, दगडावर उभं राहून आम्हाला छोटं भाषण दिलं. सावड म्हणजे आपली जुनी परंपरा. एकाच्या शेतात काम निघालं की सगळ्यांनी हात लावायचा, मजुरी घ्यायची नाही. सावड म्हणजे आपला मूळचा सीएसआरच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठकूबाईनंही वाजवल्या. सावडीचा उरलेला अर्धा भाग मॅडमनी सांगितला नाही, आणि ठकूबाईला वाटलं, तो कोणाला सांगावा लागत नाही.

मग आम्ही दिवसभर गाळ उपसला. अकाउंट्सवाल्यांनी रांग करून घमेली पुढं सरकवली. त्यांना सवय होती, फाइली ते तशाच सरकवत. पर्चेसच्या कुलकर्णीण बाईंना बेडूक सापडला आणि त्यांनी तो इन्स्पेक्शन करून परत पाठवला. दुपारी आमची थर्मोकोलच्या डब्यांतली जेवणं निघाली, तर ठकूबाईनं ती बसमध्ये परत ठेवायला लावली.

"सावडीला आलेला माणूस घरून बांधून आणतो व्हय? लाज आणाल आमाला."

वाडीतल्या सगळ्या चुली पेटल्या. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि ठेचा. ठेच्यामुळे आमचे फायनान्स मॅनेजर बराच वेळ टाक्याच्या कडेला तोंड उघडं ठेवून बसले होते. झऱ्याचं पाणी वर येत होतं ते पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. ओरडता येत नव्हतं म्हणून नुसतं बोट दाखवलं.

संध्याकाळी टाक्यात गुडघाभर पाणी होतं. बाया कडेला उभ्या राहून बघत होत्या. मॅडमही गहिवरल्या आणि म्हणाल्या, "आता इथं कंपनीची एक छान पाटी लावू. उद्घाटनाला आमच्या मोठ्या साहेबांना आणते."

ठकूबाईचं पाण्यावरचं लक्ष उडालं. "पाटी?"

"ग्रॅनाइटची."

तिनं कुदळीचा गाळ दगडावर घासून काढला. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं काम कधी निघतं?"

"आमच्याकडं काय, रोजच काम," मॅडम हसत म्हणाल्या.

"बरं. मग येतो."

आम्ही बसमधून हात हलवले. पाटी तयार होऊन आली. काळाभोर ग्रॅनाइट, वर सोनेरी अक्षरं: 'पट्टणकुडे क्लोजर्स लिमिटेड यांच्या सौजन्याने'. ती माझ्या टेबलामागं भिंतीला टेकवून ठेवली होती. सोमवारी मोठे साहेब ती बसवणार होते, तसा निरोप वाडीला गेला होता. आणि त्याआधीच्या बुधवारी ठकूबाई गेटवर आली.

"सावड फेडायला आलोय," ती म्हणाली. "सोमवारी तुमचा दगड यायच्या आत फिटली पायजे. फिटली, म्हंजी दगड लावायचा नाय."

"आणि नाही फिटली तर?"

"मग त्यो उपकार झाला. उपकाराला पाटी लागती. सावडीला नाय लागत."

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी एचआरच्या निंबाळकरांना बोलावलं. निंबाळकरांनी कायदा आणला.

"फुकट काम करून घेतलं तर किमान वेतन कायदा मोडतो," ते म्हणाले. "पैसे दिले तर हे कंत्राटी कामगार होतात, त्याचा परवाना आपल्याकडं नाही."

"पैसं दिलं तर आमी घेणार नाय," ठकूबाई म्हणाली.

"म्हणजे दोन्ही बाजूंनी मोडतो," निंबाळकर म्हणाले आणि गेले.

फडतरे सुभेदारांची अडचण वेगळी होती. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आत येणाऱ्यासाठी पर्याय होते: ग्राहक, पुरवठादार, उमेदवार, सरकारी अधिकारी. भेटीचा उद्देश काय, असं त्यांनी कोंडीबा गवारी नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"काम करायचंय."

"म्हणजे नोकरी?"

"नोकरी कशाला? घरी म्हशी हायेत."

सुभेदारांनी खूप विचार करून 'सरकारी अधिकारी' निवडलं, कारण काही न विकता, न विकत घेता आणि नोकरी न मागता आत यायची सोय फक्त त्यात होती. पास छापून आले. अख्खी वाडी गळ्यात पास घालून आत आली.

आत आल्यावर नियमाप्रमाणे सुरक्षेची फिल्म दाखवली. आग लागल्यावर काय करायचं ते वाडीनं शांतपणे पाहिलं. कोंडीबाला फिल्म आवडली, त्यानं ती परत लावायला लावली. त्याच्या फेट्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा सुभेदारांनी फेट्याची जाडी हातानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "राहू दे. हे जास्त मजबूत आहे."

मॅडमनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. चहा झाला. कारखाना दाखवायची तयारी झाली.

"आमी बगायला नाय आलो, बाई."

"तसं नाही, आजी. आमच्याकडं सगळी कामं मशीनच करतं."

ठकूबाईनं काचेपलीकडं बसलेल्या आमच्या चार मजली कचेरीकडं पाहिलं. "मग तुमी सगळी काय करता?"

नंतर कित्येक दिवस ते वाक्य कंपनीत फिरत होतं. दोघांनी तर त्यावरून नोकरी बदलली.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वाघचौरे, काहीतरी कर. सोमवारी साहेब येणार आहेत. या बाया तिथं टाक्यावर उभ्या राहिल्या आणि दगड लावू दिला नाही तर फोटोत काय येईल?"

"मॅडम, पाटी नकोच म्हणतात त्या. नको लावूया."

"अरे, वर्षभरात एवढं एकच खरं काम झालंय आपल्याकडून. त्यालाच पाटी नाही लावायची?"

त्या हे चिडून म्हणाल्या नाहीत. पस्तीस वर्षं शाळा रंगवलेली बाई होती ती. मला एकदम त्यांचीच दया आली.

आणि मग मला तीन नंबरचं गोदाम आठवलं.

झालं होतं असं की मागच्या आठवड्यात कोणीतरी निळ्या झाकणांचा माल लाल झाकणांच्या हौदात ओतला होता, आणि ते सावरायला गेलेल्या दुसऱ्यानं वर पांढरी झाकणं ओतली. डोंगर झाला होता तिरंगी. सगळी एकत्र वितळवली तर रंग शेणासारखा येतो, ती झाकणं कोणी घेत नाही. निवडायचं मशीन आमच्याकडं नव्हतं. सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायची असं ठरलं होतं. इकडं मी वार्षिक अहवालात 'शून्य कचरा' हे प्रकरण लिहून संपवलेलं होतं.

"आजी," मी म्हणालो, "निवडायचं काम आहे."

"काय निवडायचंय? तांदूळ?"

"झाकणं."

तिनं मूठभर झाकणं हातात घेऊन पाहिली. तीन बोटांनी तीन रंग वेगळे केले. "हां. हे काम हाये."

कँटीनची टेबलं बाजूला सरकवली. चादरी अंथरल्या. गोदामातून पोती यायला लागली आणि हिरडवाडी झाकणं निवडायला बसली. कँटीनमधल्या पराती आणि चाळण्या त्यांनी ताब्यात घेतल्या. निळं इकडं, लाल तिकडं, पांढरं मधे. बायांचे हात असे चालत होते की रंग आपणहून बाजूला होताहेत असं वाटावं. कोणीतरी जात्यावरची ओवी धरली. जातं नव्हतं, पण एअर कंडिशनरची घरघर होती, तीवर ती चांगली बसली.

जेवायची सुट्टी झाली. कचेरीतली माणसं कँटीनमध्ये आली आणि दारातच थबकली. मग अकाउंट्समधला एक जण म्हणाला, "अरे, ही तर ठेच्यावाली आजी," आणि खाली बसला. त्याच्यामागं बाकीचे बसले. कुलकर्णीण बाईंनी कोंडीबाला ओळखलं, कोंडीबानं बेडकाची चौकशी केली. बुधवारी कँटीनमध्ये मंचुरियन असे. सावडीला आलेल्यांना मालकानं जेवू घालायचं असतं, तेव्हा ते वाढलं गेलं. ठकूबाईनं एक घास खाल्ला.

"भजी रश्श्यात पडल्यात," ती म्हणाली. "पर फेकू नका. चुकतं माणसाचं."

मोठे साहेब तेवढ्यात आले. पट्टणकुडे साहेब कँटीनमध्ये कधी येत नसत. ते आले की लोकांचे घास थांबत. त्या दिवशीही सगळे थांबले. ओवीसुद्धा थांबली. साहेब दारात उभे राहून आपल्या कंपनीकडं बघत होते. ती जमिनीवर मांडी घालून बसलेली होती.

ठकूबाईला ते कोण हे माहीत नव्हतं. पांढरे केस आणि रिकामे हात एवढं तिला दिसलं.

"बाबा, उभं का? बसा की. हात चालवा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी बूट काढले, गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले आणि एक लाल झाकण उचललं. मग एक निळं. पन्नास वर्षं झाकणं बनवणारा माणूस, त्यानं एकेक झाकण हातात घेऊन किती दिवसांनी पाहिलं असेल कोण जाणे.

"आजी, पाटी का नको तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

ठकूबाईचे हात थांबले नाहीत. "आमच्या वाडीच्या वर दुसरा झरा होता. ह्याच्याहून मोठा. तिथं एक बंगलेवाला आला. चांगला माणूस, लई चांगला. झऱ्याला हौद बांधून दिला. आमी नारळ फोडला, त्यानं पाटी लावली."

"मग?"

"दोन सालं गेली. मग त्यानं हौदाला पाइप जोडला, खाली बंगल्यात नेला. पवायला तळं केलंय तिथं. आमी गेलो, म्हणलं, बाबा, पाणी आमचं. त्यानं पाटी दावली, वर त्याचं नाव."

"आणि तुम्ही काय केलं?"

"काय करणार? आमच्यातल्या पोरांना वाचाय येत व्हतं."

साहेबांनी आपल्या पुढ्यातली लाल झाकणं नीट सारखी केली. मग मान न वळवता म्हणाले, "राजाध्यक्ष, सोमवारचा कार्यक्रम ठेवू नका."

"सर, दगड कोरून झालाय," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आणा बघू इकडं," ठकूबाई म्हणाली.

मी आणि सुभेदारांनी पाटी उचलून आणली. ठकूबाईनं सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला. ती वाचायच्या भानगडीत पडली नाही. मग आम्हाला पाटी उलटी करायला लावली. मागची बाजू खरबरीत होती, मशीननं कापल्याच्या रेघा तशाच. तिनं तिच्यावर तळहात घासला आणि पहिल्यांदा हसली.

"ही बाजू बेस हाये. धुण्याला दगड नव्हता आमच्याकडं."

"घेऊन जा," साहेब म्हणाले.

"फुकट नाय."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं साहेबांकडं पाहिलं. दोघंही धंद्यातली माणसं. साहेबांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं अजून तीन पोती उघडायची होती.

"ती झाली की दगड तुमचा."

"चला गं बायांनो," ठकूबाई म्हणाली, आणि ओवी परत सुरू झाली.

ऊन उतरायला आलं तेव्हा शेवटचं पोतं रिकामं झालं. निळ्यांचा, लालांचा, पांढऱ्यांचा ढीग वेगवेगळा उभा राहिला. वाडीनं पास परत केले. सुभेदारांनी प्रत्येकाला कडक सॅल्यूट ठोकला, कारण कॉम्प्युटरप्रमाणे ते सरकारी अधिकारी होते. त्यांना सोडायला कंपनीची बस काढली, दगड तिच्या मधल्या वाटेत आडवा ठेवला. बसच्या पायरीवरून ठकूबाई साहेबांना म्हणाली, "फिटली बरं का. आता कधी भांडलो तर बरोबरीनं भांडू."

त्या वर्षीच्या अहवालात मॅडमनी हिरडवाडीपुढं लिहिलं, 'पाटी पोचवली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुढं साहेब गेले. त्यांच्या मुलांनी कंपनी विकली, घेणाऱ्यांनी नाव बदललं. आता मी दुसरीकडं असतो. लोकांचं किती भलं झालं ते पडद्यावरच्या आलेखांत दाखवतो. आलेख नेहमी वर जातो. ठकूबाई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. पण शिमगा जवळ आला की तिच्या नातीचा, चांगुणाचा फोन येतो. "दादा, गाळ भरलाय. कधी येता?"

आम्ही जातो. जुन्यातले जे उरलेत ते. मॅडमना आता वाकता येत नाही, त्या दगडावर बसून भाकऱ्या मोजतात. फडतरे सुभेदार रांग सरळ ठेवतात. फायनान्स मॅनेजर अजूनही ठेचा खातात आणि अजूनही पस्तावतात. मग पावसाळा सरला की वाडीतलं कोणी ना कोणी आमच्यापैकी कोणाकडं तरी फेडायला येऊन जातं. माझ्या घराला रंग त्यांनीच दिला. दिवाळीत मॅडमकडं करंज्या लाटायला तिघी आल्या होत्या. मॅडमनी काम नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी पडदे धुतले.

गेल्या शिमग्याला गाळ उपसून मी टाक्याच्या कडेला बसलो होतो. चांगुणा दगडावर गोधडी आपटत होती. मधली जागा आता वापरून वापरून गुळगुळीत झालीय, मशीनच्या रेघा पुसल्यात.

"दादा, ह्याच्या खाली काय लिहिलंय म्हणं?" तिनं विचारलं. "आजी कधी सांगायची नाय."

"कंपनीचं नाव."

"कुठली कंपनी?"

मी सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. तिनं गोधडी उलटी केली.

"सरका जरा," ती म्हणाली, "पाणी उडंल."